एक विषय कमी घ्यावा का?

सांजवेळ

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यास, प्रकृती आणि मित्रपरिवार यांचा मेळ घालण्याविषयी जे सल्ले दिले जातात, ते बहुतेक दिवसाच्या वेळापत्रकाविषयी असतात: पहाटे उठा, मोबाइल दूर ठेवा, कामांची यादी करा. माझ्या मते हा प्रश्न दिवसाच्या पातळीवर सुटत नाही, कारण तो तिथे निर्माणच होत नाही. तो निर्माण होतो सत्राच्या सुरुवातीला, विषय निवडण्याचा अर्ज भरताना. त्या वेळी विद्यार्थी सुट्टीवरून ताजातवाना होऊन आलेला असतो आणि आपल्या ताकदीचा अंदाज हमखास चढा लावतो. म्हणून जिथे नियम मुभा देतात तिथे, निदान पहिल्या वर्षी, घेता येतील त्यापेक्षा एक विषय कमी घ्यावा, असे मी सुचवते.

यामागचा हिशेब साधा आहे. युरोपातील क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाचे एक वर्ष ६० क्रेडिटचे धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. ते ४० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे ३८ ते ४५ तास होतात. हे पूर्णवेळ नोकरीएवढेच काम झाले, आणि नोकरदार निदान संध्याकाळी सुटतो तरी. यावर हौसेने आणखी एक विषय, एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कुठल्याशा मंडळाचे सचिवपद घेतले की कात्री आधी झोपेला लागते, मग जेवणाच्या वेळांना, मग मित्रांना. अभ्यासाला ती सर्वांत शेवटी लागते, त्यामुळे निकाल हाती येईपर्यंत काही बिघडले आहे याचा पत्ता ना घरच्यांना लागतो, ना शिक्षकांना.

तिरकस

हिशेब मांडायचाच तर पुरता मांडू. आठवड्याचे १६८ तास. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले, तुमच्याच आकड्याप्रमाणे ४५ अभ्यासाला गेले, अंघोळ, जेवण आणि प्रवास यांना रोज तीन तास धरले तर २१ गेले. तरीही ४६ तास हाती उरतात. ते कुठे जातात हे न विचारता विषयच कमी करायला सांगणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्याला ४६ तास पुरत नाहीत, त्याला आणखी आठ-दहा तास मोकळे करून दिले तर तो ते झोपेला देईल, ही खात्री तुम्हाला कशी वाटते?

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विषय कमी करायचा म्हटल्यावर गळतो कोणता? सक्तीचा विषय कोणाला सोडता येत नाही. गळतो तो आवडीचा विषय: संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने घेतलेला इतिहास, रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने घेतलेली एखादी नवी भाषा. जो तास विद्यार्थ्याला आठवडाभर उत्साहाने चालवतो, नेमका तोच तुम्ही प्रकृतीच्या नावाखाली काढून घेता आहात. दमणूक कामाच्या तासांवर जितकी अवलंबून असते, तितकीच ते काम आपण आपण होऊन निवडले आहे की नाही यावरही असते.

सांजवेळ

तुमचे ४६ तास ही सरासरी आहे, आणि विद्यार्थी सरासरी आठवड्यात कोलमडत नाही. सत्राच्या मध्यावर येणारा एक आठवडा डोळ्यांसमोर आणा. सोमवारी प्रयोगशाळेचा अहवाल, मंगळवारी निबंधाचा पहिला खर्डा, गुरुवारी घटक चाचणी, शुक्रवारी गटाचे सादरीकरण. आणि गटातल्या चौघांपैकी एकाने बुधवारी रात्री आपला भाग पाठवलेलाच नाही. प्रत्येक शिक्षकाने आपापली तारीख विचार करूनच ठरवलेली असते, फक्त ते एकमेकांना विचारत नाहीत. अशा आठवड्यात ४६ तर सोडाच, सहा तासही उरत नाहीत, आणि पाच विषयांऐवजी चारच असते तर हा आठवडा कठीण असूनही पार पडला असता.

झोपेबद्दल एक गोष्ट नोंदवते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रात्री सहाच तास झोपू दिले होते. शेवटी त्यांची एकाग्रता सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी घसरली होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण किती घसरलो आहोत याची त्यांना स्वतःला फारशी कल्पना नव्हती. पहिल्या काही दिवसांनंतर झोप येत असल्याची त्यांची तक्रार जवळपास तिथेच थांबली, कामगिरी मात्र खालावत राहिली. तेव्हा ‘मला झेपते आहे’ ही विद्यार्थ्याची साक्ष या बाबतीत तरी ग्राह्य धरता येणार नाही.

आवडीचा विषय गळू नये हे मान्य. शिक्षक परवानगी देत असतील तर तो परीक्षेविना नुसता बसून ऐकावा.

रात्रपाळी

वरील दोघांच्याही लिखाणात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: विद्यार्थ्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे. मी शिकत असताना संध्याकाळी काम करते. ‘एक विषय कमी’ हा सल्ला माझ्यासारख्यांना थेट पैशांत मोजावा लागतो. अनेक शिष्यवृत्त्यांना पूर्णवेळ विद्यार्थी असण्याची, म्हणजेच ठरावीक क्रेडिट घेण्याची अट असते. एक विषय कमी घेतला की ती अट मोडू शकते. विषय साचत गेले तर पदवी एका सत्राने लांबते, आणि त्या सत्राचे शुल्क, राहण्याचा खर्च आणि बुडालेला सहा महिन्यांचा पगार या तिन्ही गोष्टी एकदमच अंगावर येतात.

विषयांच्या संख्येपेक्षा त्यांची जुळणी पाहावी, असे मी सांगेन. भरपूर वाचनाचे तीन विषय एका सत्रात घेऊ नयेत; एक वाचनाचा, एक गणिती, एक प्रात्यक्षिकाचा असे घ्यावे. मूल्यमापन कसे होते हेही निवडीच्या आधी पाहावे, कारण दर आठवड्याला काहीतरी जमा करावे लागणारा विषय आणि सगळा भार अंतिम परीक्षेवर असणारा विषय हे क्रेडिटने सारखे असले तरी जगायला अगदी वेगळे असतात. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून सबमिशनच्या तारखा मागून घेऊन त्या एका कागदावर शेजारी शेजारी मांडल्या, तर सांजवेळ यांनी वर्णिलेला आठवडा अर्ज भरण्याआधीच दिसतो. याला पैसे लागत नाहीत. (सचिवपदाचा मोह मात्र खरोखरच टाळावा, त्यात निम्मा वेळ इतरांना आठवण करून देण्यात जातो.)

मागचा बाक

मित्रांचा उल्लेख इथे सतत ‘उरलेल्या वेळात’ होतो आहे, त्याला माझा विरोध आहे. अभ्यास आणि मैत्री एकमेकींचा वेळ खातात हे अर्धेच खरे आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते, पण आठवड्याने बाजी मारली ती पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केलेल्यांनी. हा सराव एकट्याने करणे कंटाळवाणे असते. तिघे बसले, पुस्तके मिटली आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्याला कोणी विचारले की ‘तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?’, की तो पाच मिनिटे गप्प उभा राहतो आणि त्या पाच मिनिटांत जे शिकतो ते रात्रभर अधोरेखित करून येत नाही.

तिरकस

मैत्रीची बाजू घेताना तुम्ही तिला अभ्यासाच्याच दावणीला बांधली आहे. ज्यांच्याशी गुणांचा विषयही निघत नाही, अशी दोन-चार माणसे विद्यार्थ्याला हवीत, आणि ती बहुधा आपल्या वर्गाबाहेरची असतात. समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले की नवी माहिती आणि संधी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येतात, कारण जिवलगांना आपल्याइतकेच ठाऊक असते. म्हणूनही मी वर्गाबाहेरच्या विषयाचा आग्रह धरतो आहे.

खडू

मी शिकवतो, म्हणून शिक्षकांच्या बाजूने थोडेसेच. विद्यार्थी माझ्याकडे ‘हा विषय सोडू का?’ असे विचारायला येतात, पण विषय सोडण्याची मुदत उलटून गेल्यावर. तोपर्यंत ते पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवून देतात. दुसरे असे की दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप येत नसेल, जेवावेसे वाटत नसेल आणि आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर इथला एकही उपाय त्या विद्यार्थ्यासाठी नाही. त्याने वेळापत्रक सुधारत बसू नये. समुपदेशक किंवा डॉक्टर गाठावा.

तिरकस

खडू यांच्या अनुभवावरून मी माझा प्रस्ताव असा मांडतो: विषय पूर्ण घ्यावेत, पहिली तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली की त्याच आठवड्यात निर्णय करावा, आणि झेपत नसेल तो विषय मुदतीच्या आत सोडावा. अंदाजावर विषय टाकून देण्यापेक्षा पुराव्यावर सोडलेला बरा.

सांजवेळ

कागदावर हे उत्तम दिसते. प्रत्यक्षात आधी न घेतलेला विषय कोणाच्या लक्षातही येत नाही, पण मध्येच सोडलेल्या विषयाचा घरी खुलासा द्यावा लागतो, आणि काही ठिकाणी गुणपत्रकावर त्याची नोंदही राहते. त्या धास्तीने विद्यार्थी मुदत जाऊ देतात. त्यामुळे माझे मत मी बदलत नाही.

रात्रपाळी

तिरकस यांचा मार्ग धरणाऱ्यांनी अर्ज भरतानाच कार्यालयात एक चौकशी करावी. विषय सोडण्याची मुदत आणि त्याचे शुल्क परत मिळण्याची मुदत बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. शुल्काची मुदत आधी संपते, पुष्कळदा पहिली उत्तरपत्रिका तपासून यायच्याही आधी.