नेट हळू चाललं की प्लॅन वाढवायचा, हा उपाय की नुसता खर्च?

उद्यमनगरकर
मंडळी, एक मत मांडतोय, पटलं नाही तर खुशाल झोडपा. आपल्याकडं कोल्हापुरात छोट्या धंदेवाल्याचं नेट अडखळलं की तो पहिला फोन कंपनीला लावतो, "वरचा प्लॅन टाका". शंभर एमबीपीएस वेगाचा तीनशे होतो, बिल वाढतं, आणि ई-वे बिलाचं पान तिथंच गोल गोल फिरत बसतं. माझ्या मते बहुतेक वेळा खोट रस्त्यावरच्या फायबरात नसते, आपल्याच चार भिंतींत असते.

शेजारच्या शॉपमध्ये हेच चाललं होतं. राउटर शटरजवळ, केबिन पार मागं, मधे दोन लेथ, लोखंडी रॅक आणि पत्र्याचं पार्टिशन. एवढ्या लोखंडातून वायफाय जाणार कसं? केबिनपर्यंत एक तार आधीच ओढलेली होती. तिचा जॅक बघितला तर आठातल्या चारच बारीक तारा आत दाबलेल्या, उरलेल्या चार कापून मागं दुमडून ठेवलेल्या. चार तारांवर शंभर एमबीपीएसच्या वर काही जात नाही, मग बाहेरून तीनशे येऊ दे नाहीतर हजार. आठही तारांचा नवा जॅक मारला, विषय संपला.

म्हणून आधी लॅपटॉप तारेनं थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा, सकाळी आणि संध्याकाळी वेग मोजा. तिथं पुरा वेग मिळत असेल तर कंपनीला एक रुपया जास्त देऊ नका. आणि फाईल उतरताना दिसतो तो आकडा सेकंदाला किती मेगाबाइट याचा असतो, तो एमबीपीएसला आठानं भागून येतो. शंभरच्या प्लॅनवर साडेबारा दिसले म्हणजे पूर्ण वेग आहे, उगाच भांडायला जाऊ नका.

शिरोली_डिस्पॅच
साहेब, तुम्ही सगळं डाउनलोडचंच बोलताय. आमचा एमआयडीसीतला धंदा अपलोडवर चालतो. पुण्याच्या पार्टीला तपासणीचे फोटो, व्हिडिओ, थ्रीडी ड्रॉइंग रोज पाठवायची. प्लॅनच्या जाहिरातीत मोठा आकडा असतो तो यायचा. जायचा आकडा कित्येकदा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. इथं जॅक बदलून काय होणार? आणि बंद पडलं की घरगुती कनेक्शनवाल्याला उत्तर ठरलेलं, "उद्या माणूस येईल". लीज लाईन, म्हणजे फक्त आपल्यापुरती वेगळी लाईन, महाग आहे, कितीतरी पट महाग आहे, कबूल. पण येणारा-जाणारा वेग सारखा मिळतो आणि दुरुस्ती किती तासांत करायची ते करारात लिहून घेता येतं. धंद्याला धंद्याचंच कनेक्शन पाहिजे.

उद्यमनगरकर
@शिरोली_डिस्पॅच अपलोड खातंय कोण ते बघितलंय का? चार कॅमेरे क्लाउडवर चढत असतील आणि एकेक दोन एमबीपीएस घेत असेल तर आठ तिथंच गेले. अपलोड दहाचं असेल तर उरलं काय? वर पोरांच्या मोबाईलमधले फोटो आपोआप बॅकअपला जातात ते वेगळंच. जायची वाट तुंबली की येणारंही रखडतं, कारण डेटा पोचल्याची पोच त्याच वाटेनं परत जावी लागते. रेकॉर्डिंग शॉपमधल्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात, ठेवा, मोबाईलना वेगळं गेस्ट वायफाय देऊन त्याच्या वेगावर मर्यादा घाला. त्यानंतरही कमी पडलं तर घ्या की लीज लाईन, मी कुठं हात धरलाय.

गूळवाला_शाहूपुरी
तुमचं दोघांचं चालू दे, पण बाहेरची केबलच तुटली तर काय करणार? आमच्यात जेसीबीनं गटार खणलं की नेट गेलंच म्हणून समजायचं. 2019 ला आणि 2021 ला महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला हुता, तवा केबल जोडायला माणूस कुठनं येणार हुता? वेग पन्नासचा असला तरी चालतंय भावा, पण कनेक्शन दोन पाहिजेत. एक फायबर, एक सिमवालं. दोन लाईन घेणारा राउटर मिळतोय, एक पडली की आपोआप दुसरीवर जातोय. दोन्ही फायबर घेऊ नका, एकाच खांबावरनं आलेली असत्यात. आणि फायबरचा डबा न् राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर टाका. लाईट गेल्यावर नेट गेलं म्हणून बोंब मारणारं लई बघितल्यात.

हिशेब_ताई
कंपनीला शिव्या घालण्याआधी तारीखही बघत चला. दरमहा भरणाऱ्यांसाठी 11 तारीख जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, आणि 20 तारीख 3बी ची, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची. त्या दिवशी पोर्टल रखडलं तर तुमचं लीज लाईनवरही रखडेल. बाकीच्या साइट पटापट उघडत असतील तर दोष तुमच्या नेटचा नाही.

दुसरं, कनेक्शन फर्मच्या नावावर, जीएसटी नंबर घालून घ्या. बिलावर 18 टक्के जीएसटी असतो, नियमात बसणाऱ्या फर्मला त्याचं क्रेडिट मिळतं. निम्म्या दुकानांत कनेक्शन मुलाच्या नावावर घरगुती म्हणून घेतलेलं, मग मला विचारतात, "ताई, हे बिल बसवता येईल का?" कुठं बसवू? महागाचं कनेक्शन नको म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघा, वाटतो तेवढा फरक राहत नाही.

राजारामपुरी_कॅफे
तार ओढा म्हणणाऱ्यांनी माझ्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलला तार लावून दाखवावी 😄
आमच्या बिल्डिंगमध्ये स्कॅन केलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफाय ओळीनं दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, आणि त्यावर सगळी गल्ली. मी बिलिंगचा टॅब आणि पेमेंटचं मशिन 5 गिगाहर्ट्झवर नेलं. ते भिंतीपलीकडं नीट पोचत नाही, म्हणून राउटर काउंटरच्या वर उंचावर टांगला. प्लॅन तोच आहे. त्यामुळं वाद घालायचाच तर मी उद्यमनगरकरांच्या बाजूनं, फक्त ते तारेचं सोडून.

शिरोली_डिस्पॅच
@उद्यमनगरकर कॅमेरे आधीच डीव्हीआरवर आहेत. तारेनं जोडून मोजलं तरी अपलोड संध्याकाळी निम्म्यावर येतं. एका फायबरवरून बत्तीस-चौसष्ट गिऱ्हाइकांना वाटून दिलेलं असतं, सहा वाजता सगळे घरी येऊन बसले की आमचं डिस्पॅच अडकतं. यात माझ्या भिंतीचा काय दोष?

उद्यमनगरकर
मोजून बोलताय तर तुमचं पटलं, तुम्ही लीज लाईनच घ्या. पण पाच माणसांच्या जॉबवर्कवाल्याला तोच सल्ला देऊ नका. त्यानं गूळवाल्या भावाचं ऐकावं, फायबर अधिक सिम.

गूळवाला_शाहूपुरी
सिम घेताना आधी जागेवर रेंज बघा. पत्र्याच्या शेडमधी एका कंपनीला पुरी दांडी आणि दुसरीला कायच न्हाई, असं असतंय.