पाम बीचवरच्या हाफ मॅरेथॉनला वेगानुसार गट हवेत की नकोत?

पामबीचकर (नेरूळ)

"पुढचा गट, मागचा गट हे सगळे श्रीमंती चोचले आहेत. रस्ता सगळ्यांचा, शुल्क सगळ्यांचे सारखे, बंदूक वाजली की ज्याला पळायचे त्याने पळावे," असे या चर्चामंचावरील 'मुक्तधाव' या सदस्यांनी काल लिहिले आणि त्यावर वाहवाही झाली. ती वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हाफ, म्हणजे साधारण एकवीस किलोमीटर, शंभर मिनिटांत पुरी करणारा धावपटू एका किलोमीटरला पावणेपाच मिनिटे घेतो, तर अडीच तासांत पुरी करणाऱ्याला तेवढ्याच अंतराला सात मिनिटे लागतात. हा दुसरा पुढे आणि पहिला मागे उभा राहिला, तर पहिल्याची सुरुवातीची दमछाक धावण्यात न होता वाट काढण्यात, दुभाजकावर चढण्या-उतरण्यात होते. पाम बीच रस्ता रुंद असला तरी प्रारंभाच्या कमानीखाली आठ-दहाच माणसे शेजारी-शेजारी मावतात. तीन हजार जण आठ-आठच्या रांगांत उभे आहेत आणि सेकंदाला एक रांग पुढे सरकते, असे धरले तरी शेवटचा माणूस सहा मिनिटांनी रेषा ओलांडतो. बॉस्टन मॅरेथॉनने 2006 साली दोन वेव्ह (थोड्या-थोड्या वेळाने सुटणारे गट) केल्या, न्यूयॉर्कने 2008 साली तीन, त्या काही हौस म्हणून नव्हे.

गेल्या हिवाळ्यातील एका शर्यतीत माझ्या पुढे एका कंपनीचे सहा जण कापडी फलक आडवा धरून चालत होते आणि पहिल्याच वळणावर फोटोसाठी थांबले. मागून येणारी मुलगी फलकाच्या काठीला अडखळून पडली आणि तिचा गुडघा फुटला. त्या मंडळींनी आधी फलक नीट सरळ केला आणि मग तिला पाणी विचारले. हेच सहा जण शेवटच्या गटात असते, तर त्यांनी सुखाने आणखी दहा फोटो काढले असते आणि कोणाचे काही बिघडले नसते.

येऊरचा चढ (ठाणे)

पामबीचकर, आपले गणित बिनचूक आहे, पण पुढच्या गटात जाण्यासाठी पुरावा कोणता मागतात, हे आपण सोयीस्करपणे गाळले. पुरावा म्हणजे वेळ नोंदवणारी चिप लावून पळालेल्या आधीच्या शर्यतीचे प्रमाणपत्र, आणि ते मिळवायचे तर आधी तिचे शुल्क भरायला हवे. आमच्या सोसायटीचे वॉचमन रात्रपाळी संपवून उपवनपासून येऊरच्या गेटपर्यंतचा चढ असा चढतात, की आमच्या गटातील महागडे बूटवाले मागे राहतात. त्यांना आम्ही वर्गणी काढून पहिल्यांदा शर्यतीला उतरवले, तर कागद नाही म्हणून शेवटच्या गटात ढकलले गेले. त्यांनी निम्मी शर्यत "साहेब, जरा बाजूला" म्हणण्यात घालवली.

पामबीचकर (नेरूळ)

हा गटांचा दोष नसून पुरावा तपासण्याच्या पद्धतीचा दोष आहे. धावपटूंच्या स्थानिक गटाने घेतलेली दहा किलोमीटरची चाचणी पुरावा म्हणून चालावी, असे मीही म्हणेन. वॉचमनदादांना माझा नमस्कार सांगावा.

तलावपाळी (ठाणे)

पुरुष मंडळींचा वाद रंगला आहे, पण बक्षिसाचा विषय कोणीच काढत नाही, म्हणून मी काढते. मी साठी ओलांडली आहे आणि नोंदणी करताना माझी खरी वेळ लिहिते, त्यामुळे मला तिसरा गट मिळतो, जो पहिल्या गटानंतर दहा मिनिटांनी सुटतो. एका शर्यतीत माझ्या वयोगटातील एक बाई पहिल्या गटातून सुटल्या आणि माझा चिप टाइम (स्वतः प्रारंभरेषा ओलांडल्यापासूनची वेळ) त्यांच्यापेक्षा दोन मिनिटांनी कमी असूनही तिसरे बक्षीस त्यांना मिळाले, कारण वयोगटाचा निकाल पहिल्या बंदुकीपासून मोजला गेला. टेबलावरच्या मुलाने "नियमच तसा आहे, मावशी" असे म्हणून मला केळे दिले.

नियमपंडित (वाशी)

ताई, तो मुलगा चुकीचे बोलला नाही. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत रस्त्यावरील शर्यतीचा क्रम अंतिम रेषा ओलांडण्याच्या क्रमावरून ठरतो आणि अधिकृत वेळ बंदुकीपासूनच धरली जाते. शर्यत ही समोर दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी असते. मागून कोणी चिपच्या जोरावर जिंकून गेला, हे पहिल्या आलेल्याला संध्याकाळी मोबाईलवर कळावे, यात खेळ कुठे राहिला?

तलावपाळी (ठाणे)

पहिल्या दहा जणांसाठी हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण जी बाई माझ्या दहा मिनिटे आधी सुटली आणि जिला मी शर्यतभर पाहिलेही नाही, ती माझी समोर दिसणारी प्रतिस्पर्धी कशी ठरते, हे पंडितांनी समजावून सांगावे. बॉस्टनसारखी शर्यतसुद्धा पात्रतेसाठी चिपची वेळ मान्य करते. आमच्या वयोगटाच्या प्लास्टिकच्या चषकाला मात्र बंदूक हवी!

येऊरचा चढ (ठाणे)

पंडितजी मागच्या गटातून कधी पळालेच नसावेत, अशी मला दाट शंका आहे. शेवटच्या गटातील माणूस उशिरा सुटतो, त्याला परतीच्या टप्प्यात ऊन लागते आणि तो पोहोचेपर्यंत पाण्याच्या टेबलावर रिकामे पेले व ओले पुठ्ठेच उरलेले असतात. शिवाय शर्यत बंद होण्याची वेळही पहिल्या बंदुकीपासून मोजली, तर ज्याला सर्वांत जास्त वेळ लागणार त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो. नियमांची पोथी वाचणे सोपे असते.

नियमपंडित (वाशी)

वैयक्तिक शेरे टाळावेत. मी चार तासांच्या पेसरच्या (ठरलेल्या वेळेत पोहोचवणाऱ्या वाटाड्या धावपटूच्या) बसमध्ये, म्हणजे त्याच्यामागे पळणाऱ्या घोळक्यात, घामाच्या वासात, पूर्ण मॅरेथॉन केलेली आहे. बंद होण्याची वेळ शेवटच्या गटाच्या प्रारंभापासून मोजावी, यावर माझा वाद नाही. वयोगटाची बक्षिसे चिपवर द्यायची असतील तर खुशाल द्यावीत. फक्त निकाल लागेपर्यंत सगळ्या आजी-आजोबांना मंडपात दुपारपर्यंत बसवून ठेवण्याची तयारी संयोजकांनी ठेवावी.

मुक्तधाव (ऐरोली)

माझ्या दोन ओळींवरून एवढे रामायण झाले, म्हणून खुलासा करतो. मी आधीच्या शर्यतीचे प्रमाणपत्र जोडले होते, तरीही माझ्या बिबवर (छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावर) शेवटच्या गटाचे अक्षर छापून आले आणि बिब-वाटपाच्या ठिकाणी "आता बदलता येणार नाही" एवढेच उत्तर मिळाले. शिवाय पुढच्या गटाच्या दोरीपाशी बिब तपासायला कोणी नव्हते, त्यामुळे ज्यांना जायचे ते दोरीखालून वाकून गेले. मी रांगेत उभा राहिलो, म्हणून मूर्ख ठरलो. दोरी राखायला माणूस नसेल, तर गट कशाला हवेत?

पामबीचकर (नेरूळ)

म्हणजे आपली तक्रार गट आहेत म्हणून नसून ते पाळले जात नाहीत म्हणून आहे. हे काल लिहिले असते, तर माझा रविवार वाचला असता.

मुक्तधाव (ऐरोली)

आपला रविवार मी मागितला नव्हता.

तलावपाळी (ठाणे)

दोरी राखायला दहा माणसे ठेवली, तरी बक्षीस बंदुकीवर असेल तोपर्यंत माझ्यासारखीला खोटी वेळ लिहिण्यातच शहाणपण आहे. पुढच्या नोंदणीत मी सरळ दोन तास लिहिणार आहे. पुरावा मागितला, तर भाचीचे प्रमाणपत्र जोडीन. आडनाव एकच आहे आणि इतके बारकाईने कोणी पाहत नाही, हे वर सिद्ध झालेच आहे. पहिल्या गटात मला ओलांडताना कोणाचा वेळ गेला, तर त्यांनी नियमपंडितांकडे दाद मागावी.