बाकावरचा आडवा दांडा

आडवाट:
मी रोज ज्या थांब्यावर बस पकडते, तिथल्या लांब बाकाला गेल्या महिन्यात मधोमध लोखंडी दांडा बसवला. कारण एवढंच की रात्री तिथे एक बाई झोपायच्या. आता त्या बाकाच्या मागे, जमिनीवर झोपतात. बाई तिथेच आहेत, फक्त आपल्या नजरेआड झाल्या.

थंडीत मी त्यांना एक ब्लँकेट दिलं होतं. आठ दिवसांनी पाहिलं तर अंगावर काहीच नाही. खरं सांगते, मनात पहिलं आलं ते 'विकलं असणार' हेच. विचारलं तेव्हा कळलं, पहाटे सफाईची गाडी आली आणि सगळं गाठोडं उचलून घेऊन गेली. ब्लँकेट, गोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ओळखपत्रं. त्या म्हणाल्या, "पांघरूण मिळेल हो कुठूनतरी. कागद कुठून आणू?" पत्ता नाही म्हणून नवं ओळखपत्र मिळेना, आणि ओळखपत्र नाही म्हणून कुणी खोली देईना, कामावर ठेवीना.

मला स्वतःची फार लाज वाटली. आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते आपण देतो आणि त्याला मदत म्हणतो. त्यांना काय हवंय हे कोण विचारतं? तुमचा अनुभव काय?

उंबरठा:
ताई, भावना पोचल्या. पण दुकानाची पायरी रोज सकाळी मी धुतो. लघवीचा वास, फुटलेल्या बाटल्या, एकदा तर सुया. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीच्या अंगावर एक जण धावून आला, तिने दुसऱ्या दिवसापासून काम सोडलं. मी पोलीस बोलावले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलावीन. त्यासाठी मला कुणी निर्दयी म्हणू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की सार्वजनिक जागेवर मुक्काम ठोकणाऱ्यांना दंड करणं घटनाबाह्य नाही.

काठावरची:
दंड भरायला पैसे असते तर तो माणूस तिथे झोपला असता का दादा? दंड थकतो, मग वॉरंट निघतं. एकदा पोलिसात नोंद झाली की घर देणारा आणि काम देणारा, दोघंही दार लावून घेतात.

उंबरठा:
मग निवाऱ्यात का जात नाहीत? मी स्वतः एकाला पत्ता लिहून दिला होता. गेला नाही.

काठावरची:
सहा वर्षं मी रात्रनिवाऱ्यात रात्रपाळी करते, म्हणून सांगते. सामानाला कुलूप नसतं, त्यामुळे माणसं चपला उशाशी घेऊन झोपतात. नवरा एका हॉलमध्ये, बायको दुसऱ्या इमारतीत. कुत्रं असेल तर ते बाहेर, आणि कित्येकांना त्या कुत्र्याशिवाय कुणीच नसतं. पहाटे सहाला सगळ्यांनी बाहेर पडायचं, पाऊस असो वा ताप. काही जण रात्री उशिरापर्यंत भांडी घासायचं काम करतात, ते येईपर्यंत आमचं फाटक बंद झालेलं असतं. मीच ते लावलेलं असतं. ज्याला आपण 'नको म्हणतो' असं समजतो, त्याने बहुतेक वेळा आधी एकदा येऊन पाहिलेलं असतं.

फिनलंडने हे ओळखलं. २००८ पासून त्यांनी क्रमच उलटा केला. आधी स्वतःच्या नावावर भाडेकरार असलेलं घर, मग व्यसनावर उपचार, मग काम. हेलसिंकीत १९८५ साली निवाऱ्यांमध्ये दोन हजारांहून जास्त खाटा होत्या, २०१६ साली ५२ उरल्या. जुने निवारे पाडून किंवा बदलून फ्लॅट केले. देशभरात १९८०च्या दशकाच्या अखेरीस १५ हजारांहून जास्त लोक बेघर होते, २०२३ साली साडेतीन हजारांच्या आत आले.

रोखठोक:
तो आकडा २०२४ मध्ये पुन्हा चढून ३,८००च्या घरात गेला, तेही सांगा. शिवाय ५५ लाखांचा देश, सरकारी पैशाने घरं बांधणारा. कॅनडानेही २००९ ते २०१३ पाच शहरांत दोन हजारांच्या आसपास लोकांवर हाच प्रयोग करून पाहिला. लोक घरात टिकले, हे मान्य. पण व्यसन आणि मानसिक आजार यांत इतरांपेक्षा फारसा फरक पडला नाही.

माझ्या सख्ख्या भावाला आम्ही दोनदा खोली घेऊन दिली. दुसऱ्या खोलीत तो चार दिवसांनी सापडला. फुटपाथवर असता तर कुणाचा तरी पाय त्याला अडखळला असता, कुणीतरी ओरडलं असतं. किल्ली हातात दिली की आपण सुटलो, असं कृपा करून समजू नका. आणि रोख पैसे तर अजिबात देऊ नका.

आडवाट:
काय बोलू, कळत नाहीये. तुम्ही हे इथे लिहिलंत, ते मनात ठेवेन.

पैशांबद्दल मात्र एक सांगते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ५० बेघर लोकांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी दिले, अट काही नाही. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही, रस्त्यावर काढलेले दिवस कमी झाले. गंभीर व्यसन असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, म्हणजे तुमच्या भावाला हे लागू नाही, कबूल. पण त्याच अभ्यासात सामान्य लोकांना अंदाज विचारला होता, आणि त्यांना वाटलं की बेघर माणूस व्यसनावर जास्त उडवेल. माझं 'विकलं असणार' तेच होतं.

निशिगंध:
प्रिन्स्टन विद्यापीठात लसाना हॅरिस आणि सुसान फिस्क यांनी २००६ साली दाखवलं होतं की बेघर माणसाचा फोटो पाहताना, माणसांबद्दल विचार करताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तो जवळपास गप्प राहतो. पुढच्या अभ्यासात त्यांनी फोटोसोबत एक साधा प्रश्न विचारला: या माणसाला ही भाजी आवडत असेल का? तेवढ्याने तो भाग जागा झाला. मी हे वाचलं आणि बराच वेळ पुढे वाचूच शकले नाही.

उंबरठा:
माझ्या पायरीवर येणाऱ्याला तीन वर्षं झाली. नाव मी विचारलेलं नाही, खरं आहे. विचारीन. पण पायरीवर झोपू देणार नाही, हे आजही तसंच आहे.

काठावरची:
नका देऊ झोपू. दुकानात मागे एखादा कप्पा रिकामा असेल तर कागद आणि औषधं ठेवू द्या. तो हो म्हणाला तर कागदांची झेरॉक्सही काढून ठेवा.

रोखठोक:
आणि रात्री अकराला नशेत शटर बडवायला आला तर?

काठावरची:
तर उघडायचं नाही. कप्पा सकाळी दहा ते रात्री आठ, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. वेळ ठरलेली असली की बहुतेक जण पाळतात. आमच्याकडचे पाळतात.

उंबरठा:
बिलांच्या फायलींचा कप्पा आहे. रविवारी रिकामा करतो.