फीचर फ्लॅग क्लायंट : ‘सुरू’, ‘सज्ज’ आणि ‘डिफॉल्ट’

प्रश्न

बॅकएंडमध्ये फीचर फ्लॅगचा (नवा कोड न चढवता सुविधा चालू-बंद करायच्या कळीचा) क्लायंट, म्हणजे आपल्या कोडला फ्लॅगचं मूल्य सांगणारा भाग, कसा बसवायचा, याची माहिती टीमसाठी मराठीत लिहून काढतेय. फ्लॅग, क्लायंट, कॉन्फिग हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, ते तसेच ठेवणार. अडले ते तीन ठिकाणी. ‘इव्हॅल्युएशन’ला, म्हणजे एखाद्या वापरकर्त्याला फ्लॅगचं कोणतं मूल्य मिळेल हे ठरवण्याला, शब्दकोशात ‘मूल्यमापन’ मिळतं, ते पटत नाही. ‘इनिशियलाइझ’ला काय लिहायचं? आणि ‘डिफॉल्ट’ला ‘पूर्वनिर्धारित मूल्य’ लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्याने विचारलं, ‘पूर्वी म्हणजे कधी, आणि कुणी निर्धारित केलेलं?’

उत्तर

वाचणाऱ्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय, म्हणून शेवटच्या शब्दापासून सुरुवात करतो.

फ्लॅगच्या बाबतीत ‘डिफॉल्ट’ हा एकच शब्द निदान तीन निरनिराळ्या मूल्यांना लावतात. पहिलं मूल्य कोडमध्ये असतं. फ्लॅगचं मूल्य विचारताना आपण फ्लॅगचं नाव देतो आणि सोबत एक मूल्य देऊन ठेवतो, की काही कारणाने उत्तर मिळालंच नाही तर हे घे. दुसरं डॅशबोर्डवर, म्हणजे फ्लॅग आणि त्यांचे नियम ठरवायच्या पानावर असतं: फ्लॅग चालू आहे, पण हा वापरकर्ता कुठल्याच नियमात बसत नाही, तेव्हा त्याला जे मिळतं ते. तिसरंही डॅशबोर्डवरच, फ्लॅग बंद असतानाचं. ही तिन्ही वेगवेगळी असू शकतात, आणि ती ठरवणारी माणसंही बहुधा वेगळी असतात. त्यामुळे ‘डिफॉल्ट फॉल्स (बंद) आहे’ या वाक्यातून काहीच ठरत नाही. डॅशबोर्डवर ‘बाकी सगळ्यांना चालू’ केलेलं असतं, कोडमधलं मूल्य मात्र सहा महिन्यांपूर्वीचं ‘बंद’च राहिलेलं असतं. सगळं सुरळीत असेपर्यंत हा फरक कुणाला दिसत नाही. फ्लॅगच्या सर्व्हरशी संपर्क न होता एखादा सर्व्हर नव्याने उठला, की तेवढ्या सर्व्हरवरचे वापरकर्ते जुन्या वाटेने जातात.

मी कोडमधल्याला ‘राखीव मूल्य’ म्हणतो. बाकीच्या दोघांना ‘बाकीच्यांसाठीचं’ आणि ‘बंद असतानाचं’ असं सरळ लिहावं. शब्द लांब होतात, पण मग तुमच्या वाचणाऱ्याला तो प्रश्न पडणार नाही. राखीव मूल्य निवडताना विचार एकच करायचा: फ्लॅगची यंत्रणा हाताशी नसेल तेव्हा आपल्याला कुठलं वागणं परवडेल? नव्या सुविधेसाठी ते बहुतेक वेळा ‘बंद’ असतं. पण फ्लॅग एखाद्या सुरक्षा तपासणीचा असेल, तर ‘बंद’ म्हणजे तपासणीच नाही. तिथे राखीव मूल्य ‘चालू’च हवं.

आता ‘इनिशियलाइझ’. इथे मराठीत एक सोय आहे, ती वापरा. क्लायंट ‘बनवला’ आणि क्लायंट ‘सज्ज झाला’ या दोन गोष्टी आहेत, आणि ‘सुरू केला’ हा शब्द दोन्ही झाकून टाकतो. सर्व्हरवर चालणारा क्लायंट फ्लॅगचे सगळे नियम एकदा उतरवून घेतो आणि स्वतःच्या मेमरीत ठेवतो. नंतर प्रत्येक रिक्वेस्टला नेटवर्कवर जावं लागत नाही, निर्णय जागच्या जागी होतो. नियम पहिल्यांदा हातात पडले की क्लायंट सज्ज. त्याआधी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला राखीव मूल्यच मिळणार, तेही बिनबोभाट, कारण असले क्लायंट मुद्दामच अपवाद (एक्सेप्शन) फेकत नाहीत, म्हणजे चूक झाली तरी कोड थांबवत नाहीत.

म्हणून कॉन्फिगमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे सज्ज होण्यासाठी किती थांबायचं तो. समजा, पाच सेकंद ठेवले आणि तेवढ्यात नियम आले नाहीत. पुढे काय, हे माहितीत स्पष्ट लिहा: सर्व्हरने रिक्वेस्ट घ्यायला सुरुवात करायची, की हेल्थ चेकला, म्हणजे ‘सर्व्हर तयार आहे का?’ या तपासणीला, ‘अजून नाही’ म्हणत राहायचं? बहुतेक सेवांना पहिला मार्ग चालतो, फक्त राखीव मूल्यं विचारपूर्वक निवडलेली हवीत. नुसतं ‘क्लायंट सुरू करावा’ असं लिहिलं, तर हा निर्णय घ्यायचा असतो हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

सज्ज झालेल्या क्लायंटचा संपर्क मध्येच तुटला, तर तो मेमरीतल्या नियमांवर काम चालू ठेवतो. त्या अवस्थेला ‘शिळा’ म्हणावं, इतका चपखल शब्द दुसरा नाही. शिळा क्लायंट उत्तरं देतो, फक्त त्याला नवे बदल ठाऊक नसतात. एखादी सुविधा घाईने बंद करायला कळ दाबली, तरी शिळ्या क्लायंटवर ती चालूच राहते. दर काही सेकंदांनी विचारणा करणाऱ्या क्लायंटला थोडा शिळेपणा नेहमीच असतो. अनलीश या फ्लॅग यंत्रणेच्या नोड (Node.js) क्लायंटमध्ये हे अंतर ठरवून दिलं नाही, तर 15 सेकंद असतं.

प्रश्न

‘राखीव’, ‘सज्ज’, ‘शिळा’ तिन्ही घेतले. इव्हॅल्युएशनला ‘निकाल’ चालेल का? तो परीक्षेचा किंवा कोर्टाचा वाटतो.

उत्तर

कोर्टाचा वाटतो हे चांगलंच आहे. कोर्टाच्या निकालासोबत कारण लिहिलेलं असतं, तसं इथेही असतं. ओपनफीचर या फीचर फ्लॅगसाठीच्या खुल्या मानकात तपशीलवार उत्तर मागितलं, तर मूल्याबरोबर कारणही परत येतं: नियम जुळला, सुविधा ठरावीक टक्के लोकांनाच द्यायची असताना वापरकर्ता त्या टक्केवारीत आला, फ्लॅग बंद आहे, चूक झाली. चूक असेल तर तिचा प्रकारही येतो, म्हणजे ‘फ्लॅग सापडला नाही’, ‘अजून सज्ज नाही’, ‘प्रकार जुळत नाही’ वगैरे. हे कारण लॉगमध्ये उतरवायची सवय टीमला लावा. लॉगमध्ये फक्त ‘बंद’ दिसलं, तर ते डॅशबोर्डवरून आलं की फ्लॅगच्या नावात एक अक्षर चुकल्यामुळे राखीव मूल्य मिळालं, हे कळायला मार्ग नसतो. ‘मूल्यमापन’ मात्र नकोच, त्यातून फ्लॅग चांगला की वाईट हे कुणीतरी ठरवतंय असं वाटतं.

आणखी एक मत

‘क्लायंट’ तसाच ठेवणार म्हणता, पण खरी गफलत मला त्याच शब्दात दिसते. लाँचडार्कलीसारख्या फ्लॅग पुरवणाऱ्या सेवांचा स्वतःचा एसडीके (कोडमध्ये जोडायचा तयार संच) वापरला, तर क्लायंट म्हणजे जोडणी, नियमांचा साठा, आकडेवारी पाठवणं असं सगळंच. तो प्रत्येक प्रोसेसमध्ये एकच ठेवायचा. प्रत्येक रिक्वेस्टला नवा बनवला, तर जोडण्यांचा ढीग होतो आणि एकही वेळेत सज्ज होत नाही. ओपनफीचरमध्ये, जे 2022 पासून सीएनसीएफ (क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन) या संस्थेच्या छत्राखाली आहे, हे सगळं काम ‘प्रोव्हायडर’ करतो. तिथला क्लायंट हलका असतो, तो हवे तितके बनवले तरी बिघडत नाही. त्यामुळे ‘क्लायंट एकच ठेवा’ हा नियम एका ठिकाणी जीव वाचवणारा, तर दुसऱ्या ठिकाणी गैरलागू. मी तरी ‘जोडणी सांभाळणारा भाग एकच ठेवा’ असं लिहीन.

पायथनमध्ये आधी ॲप चढवून मग वर्कर फोर्क करत असाल, म्हणजे चालू प्रोसेसच्या प्रती काढून त्यांना रिक्वेस्ट हाताळायला लावत असाल, तर क्लायंट फोर्कनंतर बनवा. बदल ऐकत बसणारे थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) फोर्कच्या पलीकडे जात नाहीत आणि वर्करमधला क्लायंट कायमचा शिळा राहतो.

उत्तर

हे मान्य, माझ्या उत्तरात ‘क्लायंट’च्या जागी हा खुलासा धरावा.

एक भर घालतो, फ्लॅगच्या नावाबद्दल. नाव एकदा वापरलं की त्याला दुसरा अर्थ देऊ नये. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नव्या सुविधेसाठी एक जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला होता. नवा कोड 8 पैकी 7 सर्व्हरवर पोचला. राहिलेल्या एका सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा केला. सुमारे 45 मिनिटांत कंपनीने 46 कोटी डॉलरहून अधिक गमावले. नावं होकारार्थी ठेवा, ‘नवी-शोध-पद्धत’ अशी. ‘जुनी-शोध-पद्धत-बंद’ हा फ्लॅग बंद असेल तर नेमकं काय चालू आहे, हे रात्री दोन वाजता कुणालाही झटकन सांगता येणार नाही. आणि फ्लॅगचं काम झालं की आधी कोडमधली विचारणा काढा, मग डॅशबोर्डवरचा फ्लॅग. उलट क्रमाने केलंत, तर मधल्या काळात सगळ्यांना राखीव मूल्य मिळेल.