४५ तासांची वाट

विज्ञानकथेत यंत्रांचा तपशील आला की माणूस हरवतो, असं काही जण म्हणतात. मला तसं नाही वाटत. तपशील नीट कळला की माणूस तिथेच सापडतो.

नासाचं व्हॉयेजर १ हे अवकाशयान घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून निरर्थक आकडे यायला लागले. यानावरची एक चिप बिघडली होती. तिच्यातल्या प्रोग्रॅमचे तुकडे करून ते मेमरीत दुसरीकडे हलवायचे होते. पण यान इतकं लांब, की संदेश पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. पाठवायचं आणि घरी जायचं. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर आलं. मधल्या त्या ४५ तासांत कुणाला झोप लागली असेल का? मला कथा तिथे दिसते.

आणि कविता हवी असेल तर त्याच यानावरच्या ध्वनिमुद्रिकेत गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. ५ सप्टेंबर १९७७ ला यान निघालं, १६ ला केसरबाई वारल्या. २०१२ मध्ये यानानं सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या कणांच्या झोताची, हद्द ओलांडली. गोव्यातल्या केरी गावचा आवाज तिकडे चाललाय, जिथे तो ऐकू यायला वातावरणच नाही.

यावर कुणी चार ओळी लिहिल्या तर इथे जरूर टाका.