डॅन मरिनोने सुपर बोल जिंकला नाही, म्हणून तो दुसऱ्या रांगेतला?

सह्यवारा

अमेरिकन फुटबॉलमध्ये सर्वोत्तम क्वार्टरबॅक (पास फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) कोण, हा वाद निघाला आणि डॅन मरिनोचं नाव घेतलं की समोरून लगेच प्रश्न येतो, "त्याने जिंकलंय काय?" 17 मोसम मायामी डॉल्फिन्सकडून खेळला, सुपर बोलचं, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याचं, विजेतेपद एकही नाही. म्हणून त्याला जो माँटाना किंवा टॉम ब्रेडी या सुपर बोल जिंकलेल्या क्वार्टरबॅकच्या पंगतीत बसवायचं नाही. मला हे मुळीच पटत नाही.

मरिनो पिट्सबर्गचा. वडील वर्तमानपत्रं पोचवणारा ट्रक चालवायचे. कॉलेजचं फुटबॉलही तो घराजवळच्या पिट्सबर्ग विद्यापीठातच खेळला. 1983 च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो) पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक घेतले गेले, त्यात हा शेवटचा, एकूण क्रमांक 27. त्याच्या गावच्या स्टीलर्सची पाळी आधी आली होती, त्यांनीही त्याला घेतलं नाही. आणि पुढच्याच मोसमात या पोराने 5084 यार्ड आणि 48 टचडाउन पास (ज्यावर सहा गुणांचा टचडाउन होतो, असे) फेकले. टचडाउन पासचा आधीचा विक्रम 36 चा होता! 5000 यार्डांपलीकडे दुसरा कुणी जायला 2008 साल उजाडावं लागलं. टचडाउनचा विक्रम 2004 पर्यंत टिकला.

आकडे बाजूला ठेवून त्याचे जुने सामने बघा. चेंडू कानाजवळ येतो आणि पुढच्या क्षणी गेलेला असतो. 1988 मध्ये त्याने 606 पास फेकले आणि अख्ख्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांना तो फक्त सहा वेळा सॅक करता आला, म्हणजे पास फेकण्याआधी पाडता आला. पायाने तो चपळ कधीच नव्हता. वाचला तो नजरेमुळे आणि मनगटामुळे. क्वार्टरबॅकचं मूळ काम हेच असेल, तर ते त्याच्याहून चांगलं करणारा मी पाहिलेला नाही.

चौथी_डाउन

विक्रमांबद्दल वाद नाही. पण सह्यवारा, तुम्ही प्लेऑफबद्दल, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीबद्दल, चकार शब्द काढला नाहीत, आणि खरा मुद्दा तोच आहे. प्लेऑफमध्ये मरिनोचे विजय 8, पराभव 10. टचडाउन 32, इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास, 24. साखळी सामन्यांतला मरिनो आणि जानेवारीतल्या प्लेऑफमधला मरिनो हे दोन वेगळे खेळाडू वाटतात.

त्याच्या एकमेव सुपर बोलचंच घ्या. जानेवारी 1985, स्टॅनफर्डचं मैदान, समोर जो माँटानाचे फोर्टी नायनर्स. पहिल्या क्वार्टरनंतर मायामी 10-7 ने पुढे होती, शेवटी 38-16 ने हरली. मरिनोने 50 पास फेकले, टचडाउन एक, इंटरसेप्शन दोन. माँटानाने तीन टचडाउन पास फेकलेच, शिवाय स्वतः पळून 59 यार्ड काढले. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडविरुद्ध, तेही घरच्या मैदानावर, मरिनोचे 48 पैकी 20 पास पूर्ण झाले आणि अंतिम फेरी हुकली. मोठ्या सामन्यात मोठा खेळ झाला नाही, हे म्हणायला एवढं घाबरायचं कशाला?

गोदातीर

चौथी_डाउन, त्याच दोन सामन्यांतले उरलेले आकडेही सांगा ना. त्या सुपर बोलमध्ये मायामीने चेंडू घेऊन पळण्याचा प्रयत्न केला फक्त नऊ वेळा, मिळाले 25 यार्ड. नायनर्सना कळून चुकलं की हे पासच फेकणार. मग त्यांनी मागे पास अडवणारे जास्तीचे खेळाडू लावले, पुढच्या चौघांना मरिनोवर सोडलं आणि त्याला चार वेळा सॅक केलं. त्या सगळ्या मोसमात तो फक्त 13 वेळा सॅक झाला होता. आणि न्यू इंग्लंडने मायामीच्या बचावफळीतून पळत पळत 255 यार्ड काढले. क्वार्टरबॅक बाकावर बसलेला असताना समोरच्याला कसा अडवणार?

जानेवारी 1995 चा सॅन डिएगोविरुद्धचा प्लेऑफ सामना तर मला आजही टोचतो. मध्यंतराला 21-6 अशी आघाडी, तिन्ही टचडाउन मरिनोच्या पासवर. अखेरीस एका गुणाने मागे असताना त्याने किकच्या टप्प्यात चेंडू आणून दिला. 48 यार्डांची किक उजवीकडून बाहेर. 22-21. हाही पराभव त्याच्याच खात्यात मांडतात.

चौथी_डाउन

मांडणारच, कारण त्याच सामन्याच्या उत्तरार्धात मायामीचा एकही गुण नाही, आणि तेव्हाही चेंडू मरिनोच्याच हातात होता. पहिला अर्धा त्याचा, तर दुसराही त्याचाच.

शिवाय मला यात एक खोल गोष्ट दिसते. हाताशी इतका जबरदस्त फेकणारा असला की संघ सगळं त्याच्यावर सोपवतो. मायामीच्या डॉन शूलासारख्या मुरलेल्या प्रशिक्षकाचंही तेच झालं. सत्तरच्या दशकात पळण्याच्या जोरावर दोन सुपर बोल जिंकलेला माणूस, मरिनो आल्यावर त्याचा संघ एकसुरी झाला. ऑक्टोबरमधल्या साखळी सामन्यांत ते खपतं. प्लेऑफमधले तगडे बचाव अशा संघाची कोंडी करतात.

मावळवाट

मी पिट्सबर्गला राहतो. मरिनो मायामीत गेला तरी इथे अजून त्याला आपलाच मुलगा मानतात. मला त्याचा 1993 नंतरचा काळ जास्त मोलाचा वाटतो. त्या वर्षी क्लीव्हलंडमध्ये त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला. वय 32. पुढच्या मोसमात परत येऊन त्याने 30 टचडाउन पास फेकले. त्यातच जेट्स संघाविरुद्धचा तो प्रसिद्ध डाव. घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटतोय असं भासवलं, समोरचे सैल पडले आणि याने विजयी टचडाउन फेकला. मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर नवरा-बायकोने 1992 मध्ये संस्था काढली, ती अजून चालू आहे. त्याने कारकिर्दीचा शेवट जॅक्सनव्हिलविरुद्ध 62-7 अशा दारुण पराभवाने व्हावा, हे मात्र फार वाईट झालं.

चौथी_डाउन

माणूस म्हणून आदर आहेच. पण त्याच 1983 च्या ड्राफ्टमधला जॉन एल्वे बघा. जानेवारी 1987, क्लीव्हलंड, स्वतःच्या गोलपासून दोन यार्डांवर चेंडू आणि सात गुणांनी मागे. त्याने 98 यार्ड नेऊन बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्याचा डेन्व्हर संघ जिंकला. साधारण संघ घेऊन एल्वे तीनदा सुपर बोलला गेला. मरिनो दुसऱ्यांदा कधीच पोचला नाही.

सह्यवारा

एल्वेचा विषय काढलात ते बरं झालं. ते तिन्ही सुपर बोल तो हरला: 39-20, 42-10, 55-10. 1997 च्या मोसमापर्यंत त्यालाही लोक हेच ऐकवत होते. मग त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये ग्रीन बेविरुद्ध डेन्व्हर जिंकली, तेव्हा एल्वेचे यार्ड किती? 123. टचडाउन पास एकही नाही, इंटरसेप्शन एक. तो सामना डेन्व्हरच्याच टेरेल डेव्हिसने 157 यार्ड पळून आणि तीन टचडाउन करून काढला. एल्वे तेव्हा 37 वर्षांचा होता, त्याचा हात काही जास्त जोरकस झाला नव्हता. पुढच्या वर्षीचा सुपर बोल मात्र त्याने स्वतः गाजवला, हे मान्यच. पण तेव्हाही डेव्हिस त्या मोसमात 2008 यार्ड पळाला होता.

मरिनोच्या 17 मोसमांत मायामीकडून हजार यार्ड पळणारा खेळाडू एकदाच निघाला, 1996 मध्ये, करीम अब्दुल-जब्बार (बास्केटबॉलवाला नव्हे). दोघांना एकाच मापाने मोजायचं असेल, तर ही तफावत आधी हिशोबात धरा.