हातगोळ्यात हात कुठंय? (शब्दचर्चा: एजीएल)

सातारी_कंदी:
गावात माजी सैनिकांच्या सत्काराचा फलक करतोय. तात्यांच्या नावाखाली त्यांनी चालवलेलं हत्यार म्हणून मी 'स्वयंचलित हातगोळा प्रक्षेपक' टाकलं. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "ह्ये माझं न्हवं. हातानंच टाकायचा असता, तर मशीन कशापायी वाहिलं डोंगरात?" पलटणीत म्हणायचे एजीएल, म्हणजे ऑटोमॅटिक ग्रेनेड लाँचर. मला मराठी शब्द हवाय.

जुनी_पलटण:
तात्या बरोबर आहेत. हे बहुधा रशियन बनावटीचं एजीएस-१७; आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्यात बनतं. सोव्हिएत सैन्यानं अफगाणिस्तानात भरपूर वापरलं. मशीन आणि तिवई मिळून ३१ किलो, २९ गोळ्यांच्या पट्ट्यानं भरलेला ड्रम साडेचौदा किलो, तो वेगळाच. मारा १,७०० मीटरपर्यंत. एवढ्या लांब कुणाचा हात पोचतो?
रशियन नावाची फोड केली तर 'स्वयंचलित, ग्रेनेड फेकणारं, घोडीवर (म्हणजे स्टँडवर) बसवलेलं' असं होतं. त्यातही हात नाही. ब्रिटिश लष्कर ४० मिलिमीटरच्या अशाच हत्याराला सरळ ग्रेनेड मशीनगन म्हणतं.

कृष्णाकाठची:
दादा, तुम्ही '२९ गोळ्यांच्या पट्ट्यानं' लिहिलंत. गोळ्या की गोळे? 'गोळी' आणि 'गोळा' दोन्हींचं सामान्यरूप अनेकवचनात 'गोळ्यां'च होतं, म्हणजे वाचणारा मशीनगनचाच पट्टा समजणार. इथं तर फरक महत्त्वाचा: गोळी नुसती घुसते, हा ३० मिलिमीटरचा गोळा पडल्यावर फुटतो. '२९ गोळे असलेला पट्टा' लिहा, घोळ मिटतो.
'स्वयंचलित'ही मला खटकतं. स्वतःहून चालायला ते काय सरकता जिना आहे? घोडा दाबून धरला की एक गोळा उडतो, त्याच्याच धक्क्यानं पुढचा भरला जातो, एवढंच. 'सलग मारा करणारं' म्हणा.

आटपाडीकर:
ग्रेनेड म्हणजे मुळात डाळिंब. फ्रेंचमधून आलाय शब्द, आत दाणे भरलेले म्हणून. रशियनमध्येही डाळिंब 'ग्रानात' आणि बॉम्ब 'ग्रानाता'. ताण पडलेल्या बागेला एकदम पाणी झालं की फळ कसं तडकतं, ते आमच्याकडं येऊन बघा, नाव पटेल. पण म्हणून फलकावर 'डाळिंबफेक्या' नको हो, तात्या काठी काढतील.

सातारी_कंदी:
😄 जुन्या मराठीत काही?

बखरप्रेमी:
'कुलपी गोळा' आहे की! पोकळ, आत दारू भरलेला, फुटणारा तो कुलपी; भरीव लोखंडी तो साधा गोळा. कुलूपवरूनच. एजीएसच्या गोळ्यालाही तो लागू पडतो, कारण नळीतून सुटून थोडं अंतर गेल्यावरच त्याच्या फ्यूजचं, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळीचं, कुलूप निघतं. 'उखळी तोफ' मात्र घेऊ नका, ती मॉर्टरसाठी रुळलेली आहे.

सातारी_कंदी:
तात्यांना 'कुलपी' ऐकवलं. "पेंटर कुल्फी करून ठिवंल." शेवटी 'एजीएल, सलग गोळे फेकणारं मशीन' असं छापायला दिलंय. आता तात्या म्हणतात ते मशीन, काकू म्हणतात ती मशीन. यासाठी नवीन धागा काढू का?